खुर्चीवर सांडलेलें मेण

मेणबत्ती ही दिसावयास लहान वस्तु खरी. पण आपल्या घरांत तिचें येणें-जाणें फार. वीज गेली कीं तिची आठवण होते. नाताळांत ती खिडकींत उभी राहते. दिवाळींत पणतीच्या शेजारीं बसते. आणि वाढदिवसाच्या दिवशीं तर मुलें तिच्याभोंवतीं दाटी करितात. अशा एखाद्या प्रसंगीं कोणाचा तरी धक्का लागतो, मेणबत्ती कलंडते, आणि बैठकीच्या खोलींतील गादीच्या खुर्चीवर किंवा कोचावर मेणाचा ओघळ येऊन पडतो. मग जो तो धांवतो. एक जण ओल्या फडक्यानें पुसूं लागतो, दुसरा नखानें खरवडतो, तिसरा उकळतें पाणी आणावयास स्वयंपाकघरांत जातो. पांच मिनिटांनीं पाहावें तों मेण निघालेलें नसतें, आणि डाग मात्र पूर्वीच्या दुप्पट झालेला असतो.

अशा खुर्च्या मेणानें जितक्या बिघडतात त्याहून अधिक या घाईनें बिघडतात, असें आमचें मत आहे. विज्ञानाच्या तासाला शिकलेल्या दोन-तीन साध्या गोष्टी त्या वेळीं आठवल्या, तर ही हानि बहुतेक टळते. त्या गोष्टी कोणत्या, आणि त्यांचा उपयोग क्रमाक्रमानें कसा करावा, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. वितळणें आणि विरघळणें

उत्तरपत्रिका तपासतांना आम्हांस पुष्कळदां असें आढळतें कीं, ‘वितळणें’ व ‘विरघळणें’ हे दोन शब्द विद्यार्थी एकाच अर्थानें लिहितात. साखर चहांत विरघळते; ती वितळत नाहीं. थिजलेलें तूप चुलीजवळ ठेविलें असतां वितळतें. तें विरघळत नाहीं. वितळण्यास उष्णता लागते; विरघळण्यास द्रव लागतो, आणि तोहि त्या पदार्थास मानवणारा लागतो. हा भेद नीट ध्यानांत आला कीं मेणाच्या डागाचें अर्धें कोडें सुटलें.

हल्लींच्या साध्या मेणबत्तींतील मेण हें बहुधा पॅराफिन असतें. मधमाशांच्या पोळ्यांतील मेण निराळें. पॅराफिनचा शोध १८३० सालीं कार्ल फॉन रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें लाविला. पुढें तें खनिज तेलापासून मोठ्या प्रमाणावर निघूं लागलें. आपल्या देशांत आसामांतील डिगबोई येथें १९०१ सालीं तेल शुद्ध करण्याचा कारखाना सुरू झाला. तेथें तेलाबरोबर मेणहि निघत आलें आहे. म्हणजे हें मेण रॉकेल आणि पेट्रोल यांच्याच कुळांतलें आहे. त्यांच्याप्रमाणेंच तेंहि कार्बन व हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांचें बनलेलें असतें. तेल आणि पाणी यांचें जसें जमत नाहीं, तसेंच मेण आणि पाणी यांचेंहि जमत नाहीं. पाण्यानें मेण विरघळावें अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय. ओलें फडकें कितीहि घासलें तरी तें मेण नेत नाहीं. फक्त सरकवितें व धाग्यांत दाबून बसवितें.

उष्णतेपुढें मात्र मेण लवकर हार जातें. पॅराफिनच्या निरनिराळ्या जाती सुमारें ४६ पासून ६८ अंश सेल्सिअसपर्यंत वितळतात. मधमाशांचें मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळतें. आपल्या शरीराचें उष्णतामान ३७ अंश आहे. त्यामुळें मेण हातांत धरिलें तर वितळत नाहीं, पण मऊ पडतें. उलट थंडींत तें कडक होतें, किंचित् आकसतें आणि ठिसूळ बनतें. म्हणून मेणाच्या तीन अवस्था ध्यानांत ठेवाव्या : गार केलें असतां तें तुटतें, कोंवट असतां चिकटतें, आणि तापविलें असतां वाहतें. गार मेण तोडून काढतां येतें व वाहतें मेण टिपून घेतां येतें. कोंवट मेण मात्र काढण्यास सर्वांत अवघड. आणि मेण सांडतांच घाईनें हात लावणारा नेमका याच अवस्थेंत त्याला हात लावतो.

२. धागा हीहि वातच

इ. स. १८६०-६१ च्या नाताळच्या दिवसांत लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञानें मुलांकरितां केवळ मेणबत्ती या विषयावर सहा व्याख्यानें दिलीं. ती १८६१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं व आजहि वाचलीं जातात. वितळलेलें मेण ज्योतीपर्यंत वर कसें चढतें, हा त्यांतील एक प्रश्न होता. त्याचें उत्तर म्हणजे केशाकर्षण. बारीक तंतूंमधील सूक्ष्म फटींत द्रव आपोआप ओढला जातो. टॉवेलाचें एक टोंक पाण्यांत बुडलें तर पाणी टॉवेलांतून वर चढतें, तें याच कारणानें. मेणबत्तीची वात वितळलेलें मेण असेंच वर ओढून घेते.

आतां विद्यार्थिमित्रहो, खुर्चीच्या कापडाकडे पहा. वात ही सुताची. कापडहि बहुधा तसल्याच तंतूंचें. अर्थात् कापडाचा प्रत्येक धागा ही एक वातच समजावी. वाहतें मेण त्यावर पडलें कीं धागा तें आपल्या अंगांत ओढून घेतो. तें गोठलें कीं ओढण्याची क्रिया थांबते. पुन्हां तापविलें कीं पुन्हां सुरू होते. आणि त्या तापलेल्या मेणावर जर आपण कोरडा, शोषक कागद ठेविला, तर तो कागद म्हणजे दुसरी वात झाली. मग मेण कागदांत चढतें. जी शक्ति मेण आंत नेते तीच शक्ति तें बाहेर काढते. इस्त्री व कागद यांचा जुना घरगुती उपाय या एका तत्त्वावर उभा आहे.

३. अंगावरील कापड आणि खुर्ची यांतील भेद

सदऱ्यावर किंवा टेबलावरील कापडावर मेण पडलें तर काम सोपें असतें. कापडाच्या खालीं एक कागद व वर एक कागद घालून इस्त्री फिरविली कीं मेण दोन्ही बाजूंनीं टिपलें जातें. खुर्चीचें तसें नाहीं. तिचें कापड ठोकून बसविलेलें असतें. त्याच्या खालीं काथ्या, कापूस किंवा फोम भरलेला असतो. तेथें खालीं कागद घालतां येत नाहीं. तापविलेल्या मेणाला वर कागदाची वाट असते, तशी खालीं गादीचीहि वाट असते. आणि गादींत उतरलेलें मेण कोणत्याहि उपायानें पुरतें निघत नाहीं.

यावरून दोन नियम निघतात. पहिला असा कीं, उष्णतेचा प्रयोग करण्यापूर्वीं जेवढें मेण थंडपणीं काढतां येईल तेवढें काढून घ्यावें. दुसरा असा कीं, उष्णता थोडी, थोडा वेळ आणि केवळ वरवर द्यावी. खुर्चीची खोळ चेन उघडून काढतां येत असेल तर ती अवश्य काढावी. मग खुर्चीची अडचण उरत नाहीं व साध्या कापडाप्रमाणें काम करितां येतें.

४. प्रत्यक्ष कृति

प्रथम मेणबत्ती विझवावी. कोणाच्या अंगावर तापलेलें मेण पडलें असेल तर खुर्ची राहूं द्यावी व भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखालीं वीस मिनिटें धरावा. तेथें बर्फ, दंतमंजन किंवा तेल लावूं नये. माणूस आधीं, खुर्ची मागून.

त्यानंतर मेणास हात न लावतां तें पूर्ण गोठूं द्यावें. मग बर्फाचे तुकडे प्लास्टिकच्या पिशवींत घालून पिशवीचें तोंड घट्ट बांधावें व बाहेरून ती कोरडी पुसून मेणावर पांच-दहा मिनिटें ठेवावी. पिशवी गळकी नसावी, कारण कापड भिजविण्याचा आपला हेतु नाहीं. मेण कडक झालें कीं बोथट सुरीनें, चमच्याच्या दांड्यानें किंवा मुदत संपलेल्या प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेनें तें काढावें. कडेकडून मध्याकडे यावें. मध्याकडून कडेकडे गेल्यास डाग पसरतो. आडवें घासण्यापेक्षां मेणाच्या खालीं कड सरकवून तें उचलावें. कापडाचे धागे ओढले जात आहेत असें दिसतांच थांबावें. मध्येंच मेण मऊ पडूं लागलें तर पुन्हां बर्फ ठेवावा. सुटलेला चुरा झाडून किंवा धूळ ओढण्याच्या यंत्रानें लगेच काढून टाकावा. राहिला तर तोच पुढें इस्त्रीखालीं वितळून नवे डाग पाडील.

एवढें धीरानें केलें तर मेणाचा मोठा भाग निघून जातो. जें धाग्यांत शिरलेलें असतें तेंच काय तें मागें राहतें. तेथील कापड तेलकट कागदासारखें गडद दिसतें, कारण धाग्यांमधील हवेची जागा मेणानें घेतलेली असते. त्यासाठीं आतां इस्त्री घ्यावी. हें काम घरांतील मोठ्या माणसानें करावें. मुलांनीं कागद बदलून द्यावा.

कागद कोरा असावा. टीपकागद मिळाल्यास उत्तम. नाहीं तर छपाई नसलेला तपकिरी कागद किंवा स्वच्छ पांढरें सुती फडकें चालतें. वर्तमानपत्र मुळींच घेऊं नये. त्याची शाई तापून खुर्चीवर उतरते आणि मेणाचा डाग जाऊन शाईचा येतो. इस्त्रींत पाणी असेल तर तें ओतून टाकावें, कारण येथें वाफ नको. इस्त्रीचा कांटा सर्वांत खालच्या खुणेवर ठेवावा. कापडावरील चिठ्ठ्यांत इस्त्रीच्या चित्रांत एक ठिपका असतो त्याचा अर्थ ११० अंशांपर्यंत, दोन ठिपके म्हणजे १५० अंशांपर्यंत, व तीन ठिपके म्हणजे २०० अंशांपर्यंत. मेण वितळण्यास ७० अंशहि पुरतात, हें आपण वर पाहिलेंच. तेव्हां एका ठिपक्याची उष्णता आपल्या कामास पुरून उरते. अधिक तापविल्यानें मेण लवकर निघत नाहीं, कापड मात्र करपतें.

डागावर कागद ठेवून त्यावर इस्त्री तीन-चार सेकंद अलगद टेकावी व उचलावी. दाबूं नये, कारण दाबल्यानें मेण गादीकडे जातें. कागदावर तेलकट ठिपका उमटेल. तो ठिपका म्हणजे खुर्चींतून निघालेलें मेण होय. आतां कागदाचा स्वच्छ भाग डागावर आणून पुन्हां तसेंच करावें. तोच कागद पुन्हां पुन्हां वापरल्यास त्यांतील मेण कापडांत परत उतरतें. ठिपके लहान लहान होत जातील. कागद कोरा राहूं लागला कीं थांबावें. इस्त्रीचें धाडस वाटत नसेल तर केंस वाळविण्याच्या यंत्राची कोंवट हवा हातभर अंतरावरून द्यावी व पाठोपाठ कागदानें टिपावें. वेळ अधिक लागतो, पण धोका कमी.

५. मागें राहिलेला डाग

मेण निघून गेल्यावर कधीं कधीं पुसट तेलकटपणा राहतो, आणि मेणबत्ती रंगीत असेल तर रंगाची छटा राहते. खुर्चीच्या खालच्या बाजूस चिठ्ठी असल्यास ती येथें पाहावी. कांहीं चिठ्ठ्यांवर इंग्रजी अक्षरें असतात : ‘डब्ल्यू’ असेल तर पाण्यानें साफ करण्यास हरकत नाहीं, ‘एस’ असेल तर पाणी लावूं नये, केवळ पाण्याविरहित द्रावक वापरावा, दोन्ही अक्षरें असतील तर दोन्ही चालतात, आणि ‘एक्स’ असेल तर कोणताहि द्रव न लावतां केवळ धूळ ओढून घ्यावी. चिठ्ठी नसेल तर खुर्चीच्या मागील, न दिसणाऱ्या जागीं आधीं परीक्षा करावी.

पाणी चालत असेल तर वाटीभर कोंवट पाण्यांत पातळ साबणाचे दोन-तीन थेंब घालून, पिळून घेतलेल्या पांढऱ्या फडक्यानें डाग टिपावा. मग साध्या पाण्याच्या फडक्यानें साबण टिपून काढावा व पंख्याखालीं पूर्ण वाळवावें. रंगाची छटा न गेल्यास औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या स्पिरिटाचा बोळा अलगद टेकवून पाहावा. पण तोहि आधीं लपलेल्या जागीं. स्पिरिट पेट घेणारें आहे. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या, जवळ ज्योत नसावी, आणि तें पूर्ण उडून जाईपर्यंत इस्त्री किंवा गरम हवेचें यंत्र पुन्हां जवळ आणूं नये.

६. कापडापरत्वें भेद

मखमलीवर इस्त्री टेकूं नये. तिची उभी लव एकदां चेपली कीं पुन्हां उभी राहणें कठीण. तिच्यावरील कडक मेण फार हलक्या हातानें काढून राहिलेल्यास कोंवट हवा व कागद एवढेंच करावें, आणि शेवटीं मऊ कुंचल्यानें लव उठवावी. चामडें व रेक्झिन यांवर इस्त्री तर नकोच. त्यांत मेण धाग्यांत शिरलेलें नसतें, त्यामुळें बर्फानें कडक केलेलें मेण बहुधा पापुद्र्यासारखें सुटतें. नायलॉन व अॅक्रिलिक यांस एका ठिपक्याहून अधिक उष्णता सोसत नाहीं. रेशमी, जुन्या किंवा मोलाच्या कापडाचें काम मेण खरवडून झाल्यावर जाणत्या कारागिराकडे सोंपवावें.

सर्व मेणबत्त्याहि सारख्या नसतात. कांचेच्या पेल्यांतील सुगंधी मेणबत्त्यांत पुष्कळदां सोयाबीनच्या तेलाचें मऊ मेण असतें. त्याचा तेलकट डाग अधिक राहतो. कांहीं पारदर्शक मेणबत्त्या खनिज तेल घट्ट करून केलेल्या असतात. त्या बर्फानेंहि ठिसूळ होत नाहींत. असा गोळा चमच्यानें उचलून घ्यावा व मग साबणाचा उपाय करावा.

७. जें करूं नये तें

उकळतें पाणी खुर्चीवर ओतूं नये. त्यानें मेण वितळून पाण्याबरोबर गादींत उतरतें, आणि भिजलेली गादी पावसाळ्यांत आठवडाभर न वाळतां बुरसते. तापविलेली सुरी कापडावर फिरवूं नये. नखांचा रंग काढण्याचें द्रव्य लावूं नये. त्यांतील अॅसिटोननें अॅसिटेटचें कापड विरघळतें.

सर्वांत महत्त्वाचें, पेट्रोल घरांत आणूं नये. पेट्रोल व मेण एकाच कुळांतील असल्यामुळें मेण त्यांत विरघळतें, हें खरें. म्हणूनच हा उपाय पुष्कळांच्या तोंडीं आहे. परंतु पेट्रोलची वाफ शून्याखालीं चाळीस अंशांच्या थंडींतहि ठिणगीनें पेटूं शकते. ती हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते व दूरच्या देवघरांतील समईपर्यंत किंवा स्वयंपाकघरांतील शेगडीपर्यंत न दिसतां पोंचते. एका डागासाठीं घर पणास लावणें हें शहाणपण नव्हे. रॉकेलहि टाळावें, त्याचा वास व तेलकटपणा गादींत राहतो, आणि गादी पेट घेण्यास आयती तयार होते.

८. एक लहानसा प्रयोग

घरांतील वडील माणसास जवळ बसवून पुढील प्रयोग करून पाहावा. एकाच जुन्या सुती कापडाचे दोन तुकडे घेऊन त्यांच्या चार-चार घड्या कराव्या. प्रत्येकावर मेणाचे तीन थेंब पाडावे. पहिल्यावर ओलें फडकें लगेच घासावें. दुसरा गोठूं द्यावा, शीतकपाटांत पाव तास ठेवावा, मेण तोडून काढावें व कागद ठेवून वडिलांकडून इस्त्री करून घ्यावी. मग दोन्ही घड्या उलगडून उजेडासमोर धराव्या. कोणत्या तुकड्यांत मेण किती घड्यांपर्यंत उतरलें, हें डोळ्यांस दिसेल. शेवटीं दोन्ही जागीं पाण्याचा एकेक थेंब टाकावा. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर मेण अजून आहे. लगेच शोषला गेला तर कापड स्वच्छ झालें आहे.

पालकांस एक विनंति आहे. मेण सांडलें म्हणून मुलावर हात उगारूं नये किंवा मोठ्यानें ओरडूं नये. मार बसेल या भयानें मूल डागावर उशी ठेवून गप्प बसतें. मग त्यावर माणसें बसतात, शरीराच्या उबेनें मेण मऊ पडून खोल जातें व धूळ धरितें. याहून वाईट म्हणजे कोणी घरीं नसतांना मूल स्वतःच इस्त्री किंवा पेट्रोल हातीं घेतें. खुर्चीचें कापड बदलतां येतें. भाजलेला हात तसा बदलतां येत नाहीं. ज्या घरांत मूल ‘माझ्याकडून मेण सांडलें’ असें तत्काळ सांगूं शकतें, त्या घरांत डागहि निघतो आणि अपघातहि टळतो. आणि मुलांनो, मेणबत्ती खुर्चीच्या हातावर किंवा कोचाच्या कडेवर कधीं उभी करूं नका. तिला काठाची थाळी द्या, ती टेबलाच्या मध्यावर ठेवा, आणि पडद्यापासून व वाऱ्यापासून दूर ठेवा.

स्वाध्याय

१. ‘मीठ पाण्यांत वितळतें’ हें वाक्य शुद्ध करा व कारण सांगा.
२. इस्त्री करतांना कागद वारंवार कां बदलावा?
३. सदऱ्यावरील मेण काढण्याची रीत खुर्चीस जशीच्या तशी कां लागू पडत नाहीं?
४. मेण पेट्रोलमध्यें विरघळतें, तरी घरांत तो उपाय कां करूं नये?